पावसाळ्यात कोची, मायबापाले घेऊन, कमी पैशात: कोणी गेलं हाय का?

वणीवाला | ८ जून, रात्री ९:४०

राम राम मंडळी. वणी तालुक्यातला हाव, घरची आठ एकर, अर्ध्यात कापूस अर्ध्यात सोयाबीन, अन मी गावातच मोबाईल रिपेअरिंगचं लहानसं दुकान चालवतो. बाबा ६६ चे, आई ६० ची. दोघायनंही आतापर्यंत समुद्र पाह्यला नाही. पंढरपूर झालं, शेगाव तर दरवर्षी, माहूर झालं, पण समुद्र नाही. आईनं मागच्या महिन्यात टीव्हीवर लाटा पाहून विचारलं का रे एवढं पाणी खरंच खारं असते का, चाखून पाहता येते का. तेव्हापासून डोक्यात बसलं हाय.

मुंबईचा विचार केला पण तिथं राहाचा खर्चच झेपत नाही. बल्लारशाहून केरला एक्सप्रेस सरळ एर्नाकुलमले, म्हणजे कोचीतच, जाते, गाडी बदलाची भानगड नाही, म्हणून कोची मनात आलं. अडचण एकच, आमाले सवड भेटते ते पेरणी झाली, पहिलं डवरण अन खत झालं का जुलैच्या शेवटी आठ दिवस, त्यानंतर फवारणी सुरू होते अन मंग पोळ्यापर्यंत कोणी हलत नाही. म्हणजे भर पावसाळ्यातच जावं लागन. तिघांचं मिळून पंधरा हजारात बसन का? पावसात तिथं अडकून तर पडणार नाही ना? कोणी गेलं असन तर सांगा, मी खरंच जाणार हाव, नुसतं विचारून नाही राहिलो.

मास्तर_घाटंजी | ८ जून, रात्री १०:१५

भाऊ, मायबापाला नेतोय हे वाचून बरं वाटलं, पण जुलैत केरळ नको असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या यवतमाळात वर्षाला हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तो आपल्याला पुरे होतो. कोचीत तीन हजाराच्या आसपास पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तर कोचीचं विमानतळ पंधरवडाभर बंद होतं, धावपट्टीवर पाणी होतं. वयस्कर माणसं घेऊन एवढी रिस्क कशाला घ्यायची. दिवाळीनंतर जा, आभाळ मोकळं असतं.

पुसदची_लेक | ८ जून, रात्री १०:५०

सर तुमचं बरोबर आहे पण दिवाळीनंतर शेतकऱ्याच्या घरी कोण रिकामं असतं सांगा. सोयाबीन काढून होत नाही तर कापसाची पहिली वेचणी लागते, मजूर शोधण्यात दिवस जातात, ते झालं की हरभरा. माझे बाबा आयुष्यभर "यंदाचं पीक निघू दे" म्हणत राहिले आणि कुठंच गेले नाहीत, आता त्यांचे गुडघे चालत नाहीत. आणि दिवाळी ते जानेवारी हा केरळचा सिझन, तेव्हा रूमचे भाव पण चढलेले असतात आणि रिझर्वेशनची पण मारामारी. वणीवाले दादा तुम्हाला जेव्हा सवड आहे तेव्हाच जा, फक्त माहिती काढून जा.

बंदरावरचा_वर्धेकर | ९ जून, सकाळी ६:३०

मूळचा आर्वीकडचा, कोचीत सहा वर्षं झाली, शिपयार्डात ठेकेदाराकडे फिटर आहे. सहा पावसाळे इथं काढले म्हणून थोडं सविस्तर लिहितो, लांब होईल पण भाऊ तुले कामी येईल.

आधी पावसाचं. मास्तरांचा आकडा खरा आहे पण पाऊस पडते कसा ते पण पाहा ना. आपल्याकडे झड लागली की आठ आठ दिवस सूर्य नाही, चिखल, नाल्याला पूर, बस बंद, लाईट गेलेली. इथं धो धो येते, तासभर दोन तास झोडपते, मग उघाड पडते, ऊन पण निघते, जमीन वाळूची असल्यानं पाणी लवकर जिरते, परत आभाळ भरते. एखादा दिवस अख्खा जाते हे धरूनच चालायचं, म्हणजे तीन दिवसाचं फिरणं असेल तर चार दिवस राहायचं. एम.जी. रोड अन साऊथ स्टेशनजवळच्या काही गल्ल्यांत जोराच्या पावसात घोट्याएवढं पाणी साचते, तेवढ्या वेळ कुठंतरी चहा घेत थांबायचं. रोज सकाळी हवामान खात्याचा अलर्ट पाहायचा. पिवळा असेल तर खुशाल फिर, नारिंगी असेल तर शहराबाहेर जाऊ नको, लाल असेल तर रूममध्ये बस. लाल अलर्टले कलेक्टर शाळा पण बंद ठेवते, त्याच्यावरून समजून घेजो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोची हे एक गाव नाहीच, पाण्यानं तोडलेले तुकडे आहेत, एर्नाकुलम इकडे, फोर्ट कोची अन मट्टांचेरी तिकडे, मधात विलिंग्डन बेट जे बंदरासाठी उपसलेल्या गाळातून माणसानं बनवलेलं आहे, वर वैपिन बेट. या सगळ्याले जोडणाऱ्या सरकारी बोटी आहेत अन लोक त्यानंच ड्युटीले जातात. एर्नाकुलम जेट्टीवरून फोर्ट कोचीचं तिकीट दहा रुपयांच्या आत आहे भाऊ, दहाच्या आत! पंचवीस-तीस मिनिटं पाण्यावर, एका बाजूले मोठी मोठी जहाजं, दुसरीकडे बेटं, नशीब असलं तर बंदराच्या तोंडाशी डॉल्फिन पण दिसतात. याच पाण्यात टुरिस्ट लोकायले हजार-दोन हजाराची बोट विकणारे दलाल जेट्टीच्या बाहेरच उभे राहतात, त्यांच्याकडे पाहायचंच नाही, सरळ सरकारी खिडकीवर जायचं. शिवाय एप्रिल २०२३ पासून वॉटर मेट्रो आहे, एसी बोट, बॅटरीवर चालते, इथल्याच शिपयार्डात बनलेली. एर्नाकुलमच्या हायकोर्ट धक्क्यावरून फोर्ट कोची ४० रुपये, वैपिन २०. जाताना सरकारी बोटीनं जा, येताना मेट्रोनं ये, म्हणजे मायबापाचं दोन्ही होईल.

जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत इथं कर्किडकम महिना असते. जुन्या काळी पावसानं कामधंदा बंद, घरात धान्य संपत आलेलं, म्हणून हा तंगीचा महिना मानतात, लग्नकार्य ठेवत नाहीत, औषधी पेज पितात. त्यामुळे फोर्ट कोचीतल्या होमस्टेवाल्यांकडे गिऱ्हाईक नसते. डिसेंबरमध्ये अडीच हजार सांगणारा माणूस जुलैत हजाराच्या आत देते, फोनवर न ठरवता समोर जाऊन रूम पाहून बोलजो. पंखा फिरते का, भिंतीले ओल आहे का, गादीले वास येते का, हे तीन पाहायचेच. खिडकी समुद्राकडे आहे का नाही ते मागून.

झाडीपट्टी_गोंडपिपरी | ९ जून, दुपारी १:२०

आमच्याइकडे जुलै-ऑगस्ट म्हणजे रोवणी, आमी तर मान वर करून पाहू शकत नाही, त्यामुळे वाचूनच समाधान. पण एक अनुभवाची गोष्ट सांगतो, मागं परीक्षेसाठी पावसात चेन्नईले गेलतो तर बॅगीतले सगळे कपडे अन मार्कशीटा ओल्या झाल्या. युरियाच्या पोत्याच्या आतून जे प्लास्टिक निघते ना ते स्वच्छ धुऊन बॅगीच्या आतून लावा अन वरून गाठ मारा, थेंब जात नाही. बाजारात बॅगीचं रेनकव्हर तीनशेले भेटते, ते वरून टोपीसारखं बसते अन खालून पाणी घुसतेच.

अन मले एक विचाराचं होतं, मुंबईवरून कोकण रेल्वेनं गेलं तर जास्त मजा नाही का, धबधबे दिसतात म्हणते.

बंदरावरचा_वर्धेकर | ९ जून, रात्री ८:०५

दिसतात, पण पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाईमटेबलच वेगळं असते, दरड पडायच्या भीतीनं गाड्या हळू चालवतात, अन वणीहून मुंबई म्हणजे पूर्ण उलट्या दिशेनं जाणं झालं. केरला एक्सप्रेस कोकणातून जातच नाही, ती बल्लारशाह, वारंगल, विजयवाडा, सेलम, कोईम्बतूर करत येते. तुमाले धबधबे नाही पण दुसरी एक गोष्ट दिसते. कोईम्बतूरपर्यंत कोरडं, मग पालक्काडजवळ सह्याद्रीच्या रांगेत एक मोठी फट आहे तिच्यातून गाडी आत शिरते अन तासाभरात सगळं बदलते, हिरवं, ओलं, काळं आभाळ. दरवेळी गावाहून येताना मी या टप्प्यावर दारात येऊन उभा राहतो.

प्लास्टिकची आयडिया एक नंबर.

वणीवाला | १० जून, रात्री ११:००

खूप खूप आभार सर्वांचे, विशेष करून वर्धेकर भाऊ तुमचे, ड्युटी करून एवढं लिहिलं. आज तिकीट काढाले बसलो तर जुलैच्या शेवटच्या आठवड्याचं स्लीपर वेटिंगवर गेलेलं. आता ६० दिवस आधी बुकिंग उघडते ना, मी उशीर केला. तरी घेऊन ठेवलं, वेटिंग १९, २०, २१. नाही झालं तर तत्काळ पाहीन. बाबाचं ६६ वय म्हणून सूट असन वाटलं तर ते मार्च २०२० पासूनच बंद हाय. एसटीत मात्र आईले अर्ध तिकीट अन बाबाचंही अर्धच, म्हणजे वणी-चंद्रपूर स्वस्तात होते.

बाबा माळकरी हाय, तिथं शाकाहारी भेटन का?

पुसदची_लेक | ११ जून, सकाळी ७:१५

मिळतं दादा. आम्ही तीन वर्षांपूर्वी गेलो होतो तेव्हा सासूबाई पण माळकरी. "शुद्ध शाकाहारी" अशी पाटी असलेलीच जागा बघायची, मिक्स हॉटेलात जाऊन बिचाऱ्यांची पंचाईत करायची नाही कारण साध्या हॉटेलात बीफ पण असतं आणि ते त्यांचं रोजचं जेवण आहे. दुपारी ऊण म्हणून थाळी मिळते केळीच्या पानावर, भात मागाल तेवढा. तो भात लालसर आणि जाड असतो, मट्टा म्हणतात, आपल्या लोकांना पहिल्या दिवशी गळ्याखाली उतरत नाही. "पच्चरी" म्हणा म्हणजे पांढरा तांदूळ देतात. सोबत जवसाची चटणी आणि शेंगदाण्याची चटणी डबा भरून न्या, खोबरेल तेलाच्या भाजीला तिनं खूप आधार होतो.

आणि एक, जेवताना गुलाबी रंगाचं गरम पाणी देतील. घाबरू नका. पतिमुखम नावाच्या झाडाच्या लाकडाचे तुकडे टाकून उकळलेलं पाणी असतं ते. पावसाळ्यात तेच प्या, आमच्यातलं कोणी आजारी पडलं नाही.

मास्तर_घाटंजी | ११ जून, रात्री ९:३०

वर्धेकरांचं वाचून माझं थोडं मत बदललं. तरी दोन गोष्टी. एक, मुन्नारचा मोह धरू नका. सगळे म्हणतील एवढं कोचीला गेलाच आहात तर मुन्नार करून या, पण जुलैत घाटात दरडी पडतात, रात्रीची वाहतूक बंद करतात, आणि ३० जुलै २०२४ ला वायनाडला दरड कोसळून काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. दुसरं, तळपायाला भेगा असतील तर साचलेल्या पाण्यातून चालू देऊ नका. शेतकऱ्याच्या पायाला भेगा असतातच. केरळात पावसाळ्यात लेप्टोचा ताप पसरतो, उंदराच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून जखमेवाटे अंगात जातो. निघण्याआधी तालुक्याच्या डॉक्टरांना विचारा, आणि परतल्यावर ताप आलाच तर पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा.

बंदरावरचा_वर्धेकर | ११ जून, रात्री १०:१०

मास्तर दोन्ही गोष्टी शंभर टक्के बरोबर. मुन्नारच्या ऐवजी एक दिवस आलप्पुळा कर भाऊ. एर्नाकुलमहून पॅसेंजरनं दीड तासाच्या आत, अन तिथून कोट्टायमले सरकारी बोट जाते, अडीच तासाच्या आसपास, तिकीट शंभराच्या बरंच आत. हाऊसबोटवाले ज्या पाण्यात फिरवायचे सहा-आठ हजार घेतात त्याच कालव्यातून ही बोट जाते, शाळेची पोरं, भाजीवाल्या बाया, सायकली, सगळं सोबत. बाबा शेतकरी आहेत ना, त्यायले कुट्टनाड दाखवच. समुद्राच्या पातळीच्या खाली धानाची शेती आहे तिथं, बांध घालून पाणी पंपानं बाहेर फेकतात अन मग पेरतात. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न अन शेती संघटनेनं तिले जगाचा शेती वारसा म्हणून मान दिला. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घरी फोन करून भावाले सांगितलं का इथं नदी वर आहे अन वावर खाली.

मासे खाणारा कोणी असेल तर ध्यानात ठेवा, ९ जूनच्या मध्यरात्रीपासून ३१ जुलैपर्यंत ५२ दिवस ट्रॉलरले बंदी असते, माशांची वीण वाचावी म्हणून. लहान होड्यांवाले मारतात पण भाव चढलेले असतात.

चामड्याचे किंवा कापडी बूट आणूच नका, दोन दिवसात बुरशी. रबरी चप्पल. अन आपण कापसाच्या पट्ट्यातले, पण सुती कपडे इथं तीन तीन दिवस वाळत नाहीत, टेरिकॉटचे घ्या. छत्री मात्र इथंच घेजो, आलप्पुळा छत्र्यांसाठी नावाजलेलं आहे, वाऱ्यात उलटत नाही.

वणीवाला | ४ ऑगस्ट, रात्री ९:१५

मंडळी, जाऊन आलो. परवा रात्री घरी पोचलो, काल दिवसभर वावरात होतो म्हणून आज लिहून राहिलो. लय मोठं होईन.

पहिली अडचण कोचीत नाही, घरीच आली. निघाच्या आदल्या रात्री आमच्याइकडे मुसळधार झाला अन सकाळी गावाबाहेरच्या नाल्यावर पुलावरून पाणी. एसटी आलीच नाही. गाडी दुपारनंतरची होती म्हणून जमलं, नाहीतर गेलीच होती. दोन तास नाल्याच्या काठावर उभे राहिलो, आई म्हणे चला वापस, हा शकून बरा नाही. बाबा काही बोलले नाही, पाण्यात काडी रोवून बसले अन दर पंधरा मिनिटांनी पाहत होते का पाणी उतरून राहिलं का चढून राहिलं. अकरा वाजता म्हणाले चाल, उतरलं. ट्रॅक्टरनं नाला पार केला, वणीहून घुग्घुसमार्गे चंद्रपूर अन बल्लारशाह. म्हणून आमच्यासारख्या गावच्या लोकायले सांगतो, पावसाळ्यात रेल्वेचं तिकीट असन तर आदल्या दिवशीच तालुक्याले येऊन राहा. स्टेशनवर झोपलं तरी चालन.

तिकीट चार्ट लागल्यावर दोन कन्फर्म अन एक आरएसी झालं, मी बसून गेलो, मायबाप झोपून गेले. पालक्काडची ती फट वर्धेकर भाऊनं सांगितली होती म्हणून मी दोघायले खिडकीत बसवून ठेवलं. खरंच तासाभरात सगळं बदललं. बाबा म्हणाले हा आपलाच पाऊस हाय ना, इथं एक जूनले येते अन आपल्याकडे पंधरवड्यानं पोचते, आज आपणच त्याच्या घरी आलो. हे बाबानं स्वतःहून म्हटलं, मी जसंच्या तसं लिहून राहिलो.

रूमचं सांगतो. पहिल्या रात्रीची मी मोबाईलवरून बुक करून ठेवली होती, फोटोत चकाचक, प्रत्यक्षात गादी ओली अन भिंतीवर काळे डाग. ॲडव्हान्स वापस दिला नाही. नाव लिहित नाही, पण वर्धेकर भाऊचं ऐकलं असतं तर ७०० रुपये वाचले असते. दुसऱ्या दिवशी फोर्ट कोचीत चार घरं पाहून एका म्हाताऱ्या बाईची रूम घेतली, ८०० रुपये, तिघं, अंगणात फणसाचं झाड. ओले कपडे वाळवाले तिनं स्वयंपाकघराच्या मागं दोरी दिली, चुलीची धग येत होती तिथं. तिले हिंदी येत नव्हती अन आईले हिंदी बी धड नाही, तरी दोघी सकाळी अर्धा अर्धा तास बोलत बसत.

समुद्र. फोर्ट कोचीत पावसाळ्यात वाळूचा किनारा उरतच नाही म्हणा ना, दगडापर्यंत लाटा येतात, पाणी मातकट, उतरायचा प्रश्नच नाही. आईनं लांबूनच पाह्यलं अन बराच वेळ हात जोडून उभी राहिली. मंग एका लाटेचे तुषार तोंडावर उडाले तर जीभ लावून पाह्यली, अन माझ्याकडे पाहून मान हलवली का हो, खारं हाय. बस. तेवढ्यासाठीच गेलो होतो मी.

चिनी जाळी पाह्यली, मोठाल्या लाकडाच्या, दुसऱ्या टोकाले दोरानं दगड बांधलेले, चार-पाच माणसं मिळून वर ओढतात. त्या दिवशी जाळीत मासे कमी अन जलपर्णी जास्त निघत होती, पावसात नदीतून वाहून येते म्हणे. ओढणारा एक म्हातारा बाबाच्याच वयाचा, बाबा त्याच्या बाजूले जाऊन दोराले हात लावून आले. पैसे मागतीन वाटलं, पण त्यानं मागितले नाही, बाबानं २० रुपये दिले.

वणीवाला | ४ ऑगस्ट, रात्री ९:५०

पुढचं. मट्टांचेरीचा राजवाडा पाह्यला, पोर्तुगीजांनी बांधून राजाले दिलेला, भिंतीवर रामायणाची चित्रं हायत. बाबाले एक एक प्रसंग ओळखता आला, आमालेच समजावून सांगत होते. शुक्रवारी बंद असते, अन जवळचं ज्यू लोकायचं प्रार्थनामंदिर, १५६८ चं, ते शनिवारी बंद, त्याप्रमाणं दिवस ठरवा.

तिथून पुढं पाऊस आला म्हणून एका दुकानाच्या वळचणीले थांबलो तर आतल्या दोन बाया बोलत होत्या अन आई एकदम म्हणे, अरे ह्या तर आपल्यासारखं बोलून राहिल्या. कोकणी होतं ते. गोव्याकडून शेकडो वर्षांपूर्वी आलेले लोक हायत, त्यायचं तिरुमलाचं मोठं देऊळ पण तिथंच जवळ हाय. आईनं विचारलं जेवण झालं का, तर त्या बाईले समजलं! एवढ्या दूर, इतके दिवस कानावर एक शब्द ओळखीचा नाही अन अचानक हे. त्यायनं आमाले आत बसवून चहा दिला.

एर्नाकुलमच्या शिवमंदिरात पुरुषांले शर्ट काढूनच आत जावं लागते. मी शर्ट काढून अवघडून उभा होतो, बाबा धोतरातच होते, सदरा काढला अन त्या लोकायतलेच एक दिसाले लागले.

आलप्पुळाचा दिवस नारिंगी अलर्ट म्हणून एक दिवस पुढं ढकलला, जास्तीचा दिवस ठेवला होता म्हणूनच जमलं. बोटीत बाबा दोन-अडीच तास एका जागी बसले नाही, या बाजूनं त्या बाजूनं. बांधाच्या पलीकडे वावर खाली अन आपली बोट वर, हे त्यायले पटतच नव्हतं. बोटीतल्या एका माणसाले मोडक्या हिंदीत विचारलं, त्यानं सांगितलं का पावसाळ्यात बरीच खाचरं पाण्याखाली सोडून देतात, पाऊस गेला का पंप लावून उपसतात अन मंग पेरतात, मार्चच्या आसपास कापणी. बाबानं विचारलं पंपाचं बिल कोण भरते, बांध फुटला तर कोणाचं जाते, सोसायटीचं कर्ज भेटते का. हे प्रश्न मी कधीच विचारले नसते. त्या माणसानं म्हटलं २०१८ ले बांध फुटले होते, सगळं गेलं, परत बांधले. बाबा त्यानंतर बराच वेळ गप्प होते.

अन बळीराजाचं. आपण दिवाळीत म्हणतो ना इडा पिडा टळो बळीचं राज्य येवो. तिथं ओणम त्याच बळीराजासाठी असते, तो वर्षातून एकदा आपल्या लोकायले भेटाले येते म्हणतात, अन वामनाचं देऊळ कोचीतच तृक्काक्कराले हाय. मेट्रो रेल्वेनं एडपल्लीपर्यंत जाऊन पुढं बसनं गेलो. गर्दी नव्हती, पाऊस पडत होता. बाबा म्हणाले आपण एवढे दिवस नाव घेतो, घर आज पाह्यलं.

खर्च तिघांचा: रेल्वे येणं-जाणं ४७००, राहणं चार रात्रीचं मिळून ३१००, खाणं ३४००, बोटी मेट्रो बस सगळं मिळून ९५०, छत्री, मिरे अन वेलची, बाकी किरकोळ १३००. एकूण १३,४५०. घरून नेलेल्या चटण्या अन दशम्या मोजल्या नाही.

पुसदची_लेक | ४ ऑगस्ट, रात्री १०:३०

दादा डोळ्यात पाणी आलं. गुलाबी पाणी प्यायले का आईबाबा?

वणीवाला | ४ ऑगस्ट, रात्री १०:४०

आईनं पहिल्या दिवशी ग्लास उजेडात धरून पाह्यला, बोट बुडवून साडीले पुसलं का डाग पडते का, मंग एक घोट घेतला. शेवटच्या दिवशी त्या लाकडाचं पाकीट विकत घेतलं, ६० रुपये. आज सकाळी आमच्या चुलीवर उकळत होतं, शेजारच्या बाया पाहाले आल्या.

मास्तर_घाटंजी | ५ ऑगस्ट, सकाळी ६:५०

भाऊ, मी नको म्हणालो होतो, तुम्ही गेलात ते बरोबर केलं. आता माझा प्रश्न. माझी आई ७८ ची आहे, गुडघे गेलेले, वॉकर लागतो. तिला बोटीत चढता येईल का? खोटा धीर देऊ नका, खरं सांगा.

वणीवाला | ५ ऑगस्ट, सकाळी ७:२०

सर, सरकारी बोटीत नाही जमणार. तिथं जेट्टी अन बोट यायच्या मधात एक मोठं पाऊल टाकावं लागते, बोट हालत असते, माझ्या आईलेही बोटवाल्यानं दंड धरून आत घेतलं. पावसात फळी निसरडी होते.

वॉटर मेट्रोत जमन. तिथं धक्काच पाण्यावर तरंगता हाय, भरती-ओहोटीसोबत वर-खाली होते, त्यामुळे बोटीच्या अन धक्क्याच्या मधात पायरी येत नाही. आमच्यासमोर एका आजोबाले व्हीलचेअरवर तसंच आत नेलं. फक्त स्टेशनच्या गेटापासून बोटीपर्यंत उतार हाय, थोडा लांब, पाऊस आडवा असला तर कडेनं आत येते. तेवढ्यापुरती एका माणसानं छत्री धरून सोबत चालायचं. तुमी कधी जाता ते सांगा, त्या म्हाताऱ्या बाईचा पत्ता मी तुमाले मेसेज करतो, रूम तळमजल्यावर हाय अन उंबरठा लहान हाय.